थर्मोस्टॅटला ताप आलाय

सप्रेम नमस्कार,

आमच्याकडे दोन आठवडे उणे १५ चा मुक्काम आहे. घरात पाच माणसं. सासरे, म्हणजे नाना (वय ७४), पहाटे साडेपाचला टीव्ही लावतात तो रात्री अकराला बंद होतो. दिवसभर हवामानाच्या बातम्या. पडद्यावर 'उणे २४' आलं की घरभर दवंडी. ती ऐकून माझा नवरा थर्मोस्टॅट २८ वर नेतो, मी खाली आणते. शेवटी २१ वर तह झालाय. थर्मोस्टॅट टीव्हीच्या बरोबर वर आहे, त्यामुळे नानांना खुर्चीतून दोन्ही आकडे दिसतात. तो २१ दाखवतो, हीटिंग बंद होतं, आणि मी आमच्या खोलीत दोन स्वेटर घालून कुडकुडते. गंमत म्हणजे पहाटे उठते तेव्हा बरं वाटतं, दिवस चढतो तसा गारठा वाढतो. सासूबाई 'कोंदट झालंय' म्हणून सिंकवरची खिडकी बोटभर उघडी ठेवतात, रात्रीसुद्धा. गेल्या मंगळवारी सकाळी सिंकचा नळ गोठला. नवरा ब्लोटॉर्च घेऊन सिंकखाली शिरला होता, त्याला पाय धरून बाहेर ओढला. मुलगा (१५) शाळेत जाताना जॅकेट हातात नेतो, अंगात घालत नाही. दारातला बर्फ मीच उपसणार असा नानांचा हट्ट. त्यात अमेरिकेतले काका रोज फोनवर 'आमच्याकडे ५ आहे' असं सांगतात आणि नाना दिवसभर धुसफुसत बसतात. दोष कुणाचा ते एकदाचं छापा. कात्रण फ्रिजवर लावायचंय.

— काकडलेली सून

प्रिय सूनबाई,

कात्रण फ्रिजवर जाणार म्हणता, तर निकाल आधी आणि कारणं मागून. दोष टीव्हीचा. नानांचा नव्हे, टीव्हीचा. आणि तोही बातम्यांमुळे नाही, तो ज्या भिंतीवर आहे त्यामुळे.

'पहाटे बरं वाटतं, दिवस चढतो तसा गारठा वाढतो' हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण घोडं तिथंच पेंड खातंय. थर्मोस्टॅट म्हणजे बटण जोडलेला एक थर्मामीटर. त्याला तुमचं घर ठाऊक नसतं, स्वतःभोवतीची वीतभर हवा तेवढी कळते. मोठा टीव्ही चालू असताना साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. समोर बसलेला माणूसही तेवढीच टाकतो, म्हणजे नाना धरून दोनशे. टीव्हीमागची गरम हवा भिंतीला धरून वर चढते आणि थेट त्या डबीत शिरते. डबीला वाटतं घर २१ झालं, ती हीटिंग बंद करते. दिवाणखाना तेव्हा प्रत्यक्षात १८-१९ वर असू शकतो आणि तुमची लांबची खोली त्याहून खाली. रात्री अकराला टीव्ही बंद होतो, डबीचा भ्रम उतरतो, हीटिंग इमानदारीने चालतं आणि पहाटेपर्यंत घर खरोखर २१ वर येतं. साडेपाचला नाना रिमोट उचलतात आणि पुन्हा तेच. थोडक्यात, थंडीच्या बातम्या जितका वेळ चालतात तितकं घर गार होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, इतकंच.

आमच्या शब्दावर विसंबू नका, मोजा. दोन साधे थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी अर्धा तास ठेवा, कारण स्वस्तातले थर्मामीटर सख्ख्या भावांसारखे असतात, एकमेकांशी अंशभर तरी वाकडे. तो फरक कागदावर लिहा. मग एक दिवाणखान्यात आतल्या भिंतीवर लावा, जमिनीपासून दीड मीटरवर आणि टीव्ही, ऊन, बाहेरचं दार, रेडिएटर (आत गरम पाणी फिरवून खोली तापवणारं पॅनेल) या सगळ्यांपासून लांब. दुसरा तुमच्या खोलीत. मग डबीचा आणि या दोघांचा आकडा दिवसातून तीनदा टिपा: पहाटे टीव्ही लागण्याआधी, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. पहाटे डबी आणि दिवाणखान्याचा थर्मामीटर जुळले आणि दुपारी दोन-तीन अंशांनी फारकत झाली, की खटला संपला. दुपारीही ते जुळले आणि फक्त तुमची खोली मागे राहिली, तर मात्र टीव्ही निर्दोष. मग खोलीतला रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागतो का ते हाताने पाहा. तसा असेल तर आत हवा अडकलीय, ती सोडावी लागेल. आणि रेडिएटरपुढे पलंग किंवा जाड पडदा आहे का, तेही पाहा.

उपाय: टीव्ही हलवा. थर्मोस्टॅट हलवणं म्हणजे भिंतीतली वायर हलवणं, टीव्ही दोन माणसांत आणि चार खिळ्यांत हलतो. काही थर्मोस्टॅटमध्ये आकडा दोन अंश खाली सरकवून घेण्याची सोय असते. ती इथे वापरू नका, कारण चूक दिवसभराचीच आहे आणि ती सोय रात्रीही लागू राहील. मग रात्री दोन अंश जास्त तापेल आणि सासूबाईंना खिडकीसाठी नवं निमित्त मिळेल. टीव्ही हलेपर्यंत तात्पुरतं म्हणून दिवसा मोजलेल्या फरकाइतका आकडा वाढवा आणि झोपताना परत खाली आणा. हातासरशी आणखी एक पाहून घ्या. वीज बंद करून डबीचं झाकण काढा आणि भिंतीतून वायर येते ते भोक तपासा. त्यातून पोकळ भिंतीतली गार हवा डबीच्या पाठीवर येत असेल तर चूक उलट्या बाजूने होते. चिमूटभर पुट्टीने ते बुजतं.

यजमानांना सांगा, थर्मोस्टॅट २८ वर नेल्याने घर लवकर तापत नाही, जास्त वेळ तापत राहतं. लिफ्टचं बटण दहादा दाबल्यासारखं आहे ते. अपवाद एकच. तुमच्याकडे हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं यंत्र) असेल आणि त्याला मदतीला विजेची कॉइल असेल, तर एकदम सात अंशांची उडी मारली की ती महागडी कॉइल सुरू होते. तिथे तो आकडा खरंच फरक पाडतो, पण नको तो.

मात्र घर फार गारही ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात हिवाळ्यात घरातलं तापमान किमान १८ असावं असं म्हटलंय आणि वयस्कर माणसांसाठी त्याहून थोडं जास्त. उतारवयात थंडी वाजल्याचं शरीराला उशिरा कळतं. 'मला काही होत नाही' असं नाना म्हणतात, यात बढाई किती आणि मंदावलेली जाणीव किती हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून विश्वास आकड्यावर ठेवा.

आता नानांचे उणे २४.

नाना खोटं सांगत नाहीत, पण चुकीच्या माणसांना सांगताहेत. बाहेर हवा उणे १५ असली आणि वारा ताशी २० किलोमीटरने वाहत असला, की वाऱ्यासकट किती गार वाटतं ते काढायच्या सूत्रातून उणे २४ येतं. वारा ताशी ५ वर उतरला की तेच उणे १९, ४० वर गेला की उणे २७. म्हणजे पहिली झुळूकच जास्त बोचते, पुढे वारा दुप्पट झाला तरी तीनच अंशांचा फरक. हल्लीचं सूत्र २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने मिळून घेतलं. त्यासाठी १२ स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं आणि त्यांच्या चेहऱ्याची उष्णता किती जाते ते मोजलं. तेव्हा हा आकडा उघड्या चेहऱ्याने वाऱ्यात चालणाऱ्या माणसाचा आहे. खुर्चीत रग पांघरून बसलेल्या नानांना तो लागू नाही, दिवाणखान्याला नाही, हीटिंगला नाही आणि नळालाही नाही. नळाच्या पाइपला काही 'वाटत' नाही. बाहेर उणे १५ असेल तर पाइप उणे १५ च्या खाली जाणार नाही, बातम्यांत काहीही येवो. फक्त वारा लागला की तो तिथवर लवकर पोचतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, खिडकीपाशी लागेल.

घरात या आकड्याला धनी एकच, तुमचा मुलगा. त्याच्याकडे येतोच.

काकांचं भांडण तर फुकटचं आहे. ते 'आमच्याकडे ५' सांगतात ते फॅरनहाइट. त्यातून ३२ वजा करा, उरलेल्याला ५ ने गुणा आणि ९ ने भागा: बरोबर उणे १५. दोघा भावांकडे तंतोतंत एकच हवा आहे आणि गेले दोन आठवडे ते त्यावरून रुसलेत. दोन्ही मापांत आकडाही तोच हवा असेल तर उणे ४० ची वाट पाहावी लागेल. तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात.

बातम्या पूर्ण बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. वादळाची सूचना वेळेत कळणं मोलाचं असतं. पण संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारी मोठी जागतिक मॉडेलं दर सहा तासांनी नव्याने चालतात. मधल्या वेळात वाहिनीकडे सांगायला फारसं नवं नसतं, म्हणून तेच नकाशे आणखी लाल-जांभळे होऊन परत येतात. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं पुरे. ज्या शब्दांनी नाना दचकतात त्यांची फोडही करून ठेवू. 'ध्रुवीय भोवरा' दर हिवाळ्यात असतोच, जमिनीपासून साधारण पंधरा ते पन्नास किलोमीटर वर. तो बळकट असतो तेव्हा गारठा ध्रुवाकडेच कोंडलेला राहतो. ढिला पडला की थंडी खाली सांडते, आणि बातमी तेव्हा होते. 'बॉम्ब चक्रीवादळ' म्हणजे मध्यभागचा हवेचा दाब २४ तासांत साधारण २४ मिलिबारने किंवा जास्त पडणं. स्फोट कुठेच होत नाही. '१० ते २५ सेंटीमीटर बर्फ' हा अंदाज ऐकून हसू येतं, पण त्यात लबाडी नाही. ढोबळ हिशेबाने एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटीमीटर बर्फ होतो. हवा शून्याजवळ असेल तर बर्फ ओला आणि चप्प पडतो, मग तेवढ्याच पाण्याचा जेमतेम अर्धा सेंटीमीटर. कडाक्याच्या थंडीत तो कापसासारखा पडतो आणि दुप्पट भरतो. पाण्याचा अंदाज बरोबर येऊनही बर्फाचा असा फसतो.

नानांना मोकळं ठेवलंत तर ते परत रिमोटकडे जाणार, म्हणून त्यांना घराचा वेधशाळाप्रमुख करा. बाहेरचा थर्मामीटर अल्कोहोलचा घ्या, पाऱ्याचा नको, कारण उणे ३९ च्या सुमारास पारा स्वतःच गोठतो. तो सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर आणि भिंतीपासून सुटा लावायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर चिकटवलात तर तो घरातून झिरपणारी ऊब मोजेल. वहीत तीन रकाने: काल काय सांगितलं होतं, आज काय निघालं, फरक किती. पंधरा दिवसांत वाहिनीवरची श्रद्धा आपोआप बेताची होते. दवंडीचा हक्क त्यांच्याकडेच ठेवा, पण दिवसातून एकदा, सकाळी सातला.

खिडकी. सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, पद्धत चुकीची. पाच माणसं बंद घरात श्वास घेतात, आंघोळ करतात, कपडे वाळवतात. ती सगळी वाफ बाहेर काढली नाही तर ती काचेवर आणि कपाटामागच्या गार कोपऱ्यात जमते, मग बुरशी धरते. पण बोटभर फट दिवसभर ठेवल्याने हवा धड बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडत जाते. जर्मन लोक याला 'श्टॉसल्युफ्टन' म्हणतात, म्हणजे एका झटक्यात हवा बदलणं: समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटं, जास्तीत जास्त दहा, आणि घट्ट बंद. दिवसातून दोनदा-तीनदा. उणे १५ असताना पाच मिनिटं भरपूर झाली.

सगळी ऊब गेली म्हणून नवरा ओरडेल. त्याला हिशेब दाखवा. चार बाय चार मीटरची, अडीच मीटर उंच खोली म्हणजे ४० घनमीटर, त्यातली हवा साधारण ४८ किलो. ती उणे १० वरून २० वर न्यायला सुमारे ०.४ युनिट ऊर्जा लागते, अर्ध्या युनिटहून कमी. खोलीची बहुतेक ऊब भिंतीत, फरशीत आणि सामानात असते. ती पाच मिनिटांत कुठे जात नाही, दिवसभराच्या फटीतून जाते. खिडक्या उघडण्याआधी हीटिंग खाली करा. रेडिएटरवर आपोआप चालणारा व्हॉल्व्ह असेल तर अंगावर गार हवा येताच तो घाबरून पूर्ण उघडतो आणि अंगण तापवायला लागतो.

उलट बाजूही सांगून ठेवतो. बाहेरची उणे १५ ची हवा मुळात कोरडी. ती आत येऊन २० अंशांवर तापली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्या आत येते. म्हणून हिवाळ्यात नाक सुकतं, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात आणि दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. तेव्हा आर्द्रतामापक घ्या आणि काटा ३० ते ४० च्या मध्ये ठेवा. काचेच्या आतून पाणी ओघळायला लागलं तर ३० च्या आसपास उतरवा, एवढ्या थंडीत तेच बरं. खिडक्या उघडण्याचं काम सासूबाईंकडेच असू द्या, घड्याळासकट.

फक्त सिंकवरची ती खिडकी रात्री घट्ट बंद. नळ गोठला तो तिथूनच. बाहेरच्या भिंतीतला पाइप, सिंकखालचं बंद कपाट म्हणजे घराची ऊब तिथवर पोचत नाही, आणि वरून रात्रभर गार झोत. वारा लागला की पाइप बाहेरच्या तापमानाला लवकर पोचतो असं म्हटलं होतं ते याचसाठी. (सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, कात्रणाला सांगू द्या.)

पाइप कसा फुटतो ते कळलं तर नवरा ब्लोटॉर्च स्वतःहून माळ्यावर ठेवेल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचं बूच पाइपमध्ये वाढत जातं आणि बूच व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. दाब तिथे चढतो आणि पाइप बहुधा तिथेच फाटतो, बर्फ असतो तिथे नाही. म्हणून पहिली गोष्ट, नळ उघडा. नाहीतर वितळताना सुटलेल्या पाण्यालाही वाट मिळणार नाही. दुसरी, मेन कॉकपाशी एक माणूस उभा करा. चीर असली तरी बर्फाचं बूच तिला झाकून ठेवतं, वितळल्यावरच ती बोलते. दांडीचा कॉक असेल तर दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद. तो आजच एकदा फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेले कॉक नेमके पूर आल्यावरच अडकतात. चीर आधीच दिसत असेल तर कॉक बंद करून मगच गरम करायला घ्या.

मग हेअर ड्रायर. नळाच्या टोकापासून सुरू करून मागे भिंतीकडे जायचं, म्हणजे वितळलेलं पाणी पुढून निघून जातं. मधूनच कुठे तापवलं तर दोन बुचांमध्ये पाणी आणि वाफ अडकते. ड्रायर सतत हलता ठेवा, पाइप प्लास्टिकचा असेल तर वीतभर लांबून. खाली पाणी साचलं असेल तर विजेची कुठलीच वस्तू तिथे नेऊ नका, गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा आणि बदलत राहा. अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त. ब्लोटॉर्च का नको? तांब्याच्या पाइपचे डाखलेले सांधे त्या ज्योतीत वितळतात, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, आणि सिंकमागे असतं लाकूड. गोठलेल्या नळाच्या नादात घर पेटलं तर विझवायलाही नळ चालू नाही.

इथून पुढे बाहेर उणे ७ च्या खाली जाणार असेल त्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाका आणि नळातून सुतासारखी धार सोडा. वाहतं पाणी गोठायला जड जातंच, पण खरा फायदा असा की नळ उघडा असल्याने दाब चढत नाही. पाइप भिंतीत शिरतो तिथली फट बुजवा. पाइपवर फोमची नळी चढवलीत तर बरंच, पण ती स्वेटरसारखी आहे: असलेली ऊब टिकवते, नवी देत नाही.

बर्फ उपसणं. नानांना नाही म्हणा, आणि हिशेबाने म्हणा. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद वाटेवर दहा सेंटीमीटर ताजा, हलका बर्फ पडला तर तो ३०० किलोच्या आसपास भरतो. नुकतं जन्मलेलं हत्तीचं पिल्लू साधारण १०० किलोचं असतं, म्हणजे अशी तीन पिल्लं फावड्याने रस्त्याकडेला नेऊन ठेवायची. बर्फ ओला असेल तर सहा-सात पिल्लं. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, हातांवर झटक्याचा जोर, वर श्वास रोखलेला: ७४ व्या वर्षी हृदयावर हे तिन्ही एकदम नकोत. छातीत किंवा जबड्यात दुखलं, डावा हात भरून आला, तर फावडं टाकून तडक रुग्णवाहिका बोलवायची. 'थोडं बसतो, बरं वाटेल' हे चालायचं नाही.

हे काम नवऱ्याचं आणि मुलाचं. दर पाच सेंटीमीटरला एकदा, उचलून नव्हे तर ढकलून. फावड्याला मेण किंवा तेलाचा हात फिरवला तर बर्फ चिकटत नाही. सगळ्यांचं रडगाणं एकच असतं: वाट साफ केली आणि रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या गाडीने तोंडाशी पुन्हा बांध घातला. तो टाळायला गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, तुमच्या वाटेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला दोन-तीन मीटरचा एक खिसा मोकळा करून ठेवा. गाडीच्या पात्यावरचा बर्फ त्या खिशात रिकामा होतो आणि दारापुढून जाताना पातं हलकं असतं. उपसलेला बर्फही गाडी पुढे जाते त्या बाजूला रचा, अलीकडे रचलात तर तोच परत दारात येईल. मीठ बेताने, सहा मीटर वाटेला एक मोठा मग पुरतो. आणि उणे ९ च्या खाली साधं मीठ जवळपास कामातून जातं, तेव्हा तुमच्या उणे १५ ला वाळूच बरी. ती बर्फ वितळवत नाही, पण पाय धरते. दम असेल तर त्याच फेरीत घराबाहेर निघणारे हीटिंगचे धुराडे आणि वाफेचे पाइप मोकळे करा. ते बर्फाने बुजले तर हीटिंग बंद पडतं, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला ना वास ना रंग. झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म असलाच पाहिजे.

राहिला मुलगा. थंडीने सर्दी होत नाही, विषाणूंनी होते. तो वाद तुम्ही त्याच्याशी हरणार आहात, म्हणून सुरूच करू नका. जॅकेटवर भाषण नको, एक आकडा ठरवा. वाऱ्यासकटचा आकडा उणे २८ किंवा त्याखाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी जॅकेट अंगात, कान झाकलेले, वाद बंद. उणे २८ च्या वर असेल तर जॅकेट हातात नेलं तरी चालेल, फक्त घरी विसरायचं नाही. आणि हा आकडा सकाळी सातला जाहीर कोण करणार? नाना. त्यांच्या दवंडीला अखेर गिऱ्हाईक मिळालं.

अंगठा सोडून चारही बोटं एकत्र राहतात असे हातमोजे त्याला द्या, सुट्या बोटांच्या मोज्यांहून ते उबदार. अंगाला लागून सुती बनियन नको. घाम सुती कापडात मुरतो आणि थांबल्यावर बर्फासारखा लागतो, तिथे लोकर किंवा धावण्याचा सिंथेटिक टीशर्ट हवा. बुटात कोंबून दोन-दोन मोजे घातले तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गार पडतात. कान किंवा बोटं पांढरी, मेणासारखी आणि बधिर होऊन आला तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, आतली पेशीजाळी फाटते. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. पाणी थर्मामीटरने किंवा तुमच्या कोपराने तपासा, त्याच्या बोटांना चटका कळणार नाही. फोड आले किंवा रंग परतला नाही तर डॉक्टर.

आता टीव्ही हलवल्यानंतरचं. डबीला खरी हवा कळायला लागली की हीटिंग दिवसाही चालेल, आणि पुढच्या महिन्यात बिल वाढून आलं की नवरा म्हणेल, टीव्ही हलवल्यामुळे वाढलं. त्याचं खरं असेल. आजवरचा तुमचा दिवसाचा २१ मुळात १८-१९ होता, तो आता खराखुरा २१ झालाय. तेव्हा तह २० वर आणून बघा. एक स्वेटर काढा, एक राहू द्या.